दोन गट वर

मारोती तायडे काट्यावर चढला. मापाड्याने दांडीवरचं वजन पुढे सरकवलं, मग थोडं मागे घेतलं आणि मोठ्याने आकडा वाचला. साठाला तीनशे ग्रॅम कमी. सुभेदार खंडाऱ्यांनी तो वहीत लिहिला. खाली उतरताना मारोती माझ्याकडे पाहून म्हणाला, "शेष्या, चड्डीत दोन गोटे टाकून ये बे. नाही तं माह्या हातच्या हवेनंच उडशीन."

लोक हसले. मीही हसलो. मग मी चढलो. साडेत्रेपन्न.

तो काटा अकोटच्या कापूस बाजारातला होता. वर्षभर त्याच्यावर कापसाचे गठ्ठे मोजले जात. नागपंचमीला बाजार बंद असायचा. त्या दिवशी तोच काटा पुसून घेत आणि बॉक्सिंगच्या लढतींसाठी आमची वजनं होत. बाजाराच्या आवारात चार बल्ल्या रोवून दोर बांधलेला असे. मोजणारा माणूसही नेहमीचाच, नामदेवराव धांडे मापाडी. बाकीच्यांना त्यांनी पटापट उतरवलं. मला मात्र जरा जास्त वेळ उभं ठेवलं. त्यांची नजर काट्यावर नव्हती, माझ्यावर होती. त्याचं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या मामाने त्यांच्या घरी जाऊन त्यांची मुलगी पंचफुला माझ्यासाठी मागितली होती.

नामदेवराव सरळ माणूस. पोरगा चांगला आहे म्हणाले. पण कापसाच्या गाड्या खाली करणाऱ्याला मी पोरगी देणार नाही, सरकारी नोकरी लागली तर या. दिवाळीपर्यंत थांबतो, परतवाड्याचं एक स्थळ आलेलं आहे, पुढे त्यांना हो म्हणून टाकीन. मामाने हे मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि खरंच गाड्या खाली करत होतो.

सरकारी नोकरीची वाट आमच्यासाठी एकच होती, आणि ती सुभेदारांच्या हातातून जात होती. सुभेदार फौजेत बॉक्सिंग खेळलेले. निवृत्त होऊन गावी आले आणि बाजाराच्या एका रिकाम्या गोदामात त्यांनी आम्हा पोरांना शिकवायला सुरुवात केली. आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो. पोलिसात खेळाडूंची भरती असायची. दरवर्षी दसऱ्याच्या आधी वस्ताद एका पोराच्या नावाची चिठ्ठी अकोल्याला पाठवत. एकाच. तिकडे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ज्याचं नाव गेलं तो लागलाच, असं चार वर्षं चाललं होतं.

ते एक नाव कसं ठरायचं हे सांगितलं पाहिजे.

बॉक्सिंगमध्ये आपल्या वजनाच्या माणसाशीच लढायचं असतं. चोपन्न किलोपर्यंत एक गट, सत्तावनपर्यंत दुसरा, साठपर्यंत तिसरा, असं वर जातं. आम्ही सारे मिळून अकरा पोरं. एका गटात दोन पोरं असली तर नशीब. मग लढणार कुणाशी? म्हणून वस्तादांनी आपला एक कायदा केला होता आणि तो गोदामाच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता. आपल्या गटातल्याला हरवलं तर दोन गुण. वरच्या गटातल्याला हरवलं तर जितके गट वर, तितके दोन-दोन. हरला पण तीन फेऱ्या पायावर उभा राहिला, तर एक. आणि वरच्याने खालच्याला हरवलं तर त्याला काही नाही. उलट खालच्याला आडवा पाडला तर वरच्याचाच एक गुण कापायचा.

पहिल्या वर्षी एकाने विचारलं होतं की वस्ताद, मग वरच्यानं लढायचंच कायले? वस्ताद म्हणाले होते, "खालच्याले पाडून तू काय कमावशीन? त्याले उभं ठेवून दाखव. ते शिकायले मले बारा वर्षं लागली."

त्यामुळे आमच्यात वरचा माणूस लढत देतो, असंच म्हणायचे. देणाऱ्याला गुण नसे, मान असे. लढतीआधी नारळ त्याच्या हाताने फुटायचा. द्यायची की नाही ही त्याची मर्जी. नाही म्हणाला तर कुणी नाव ठेवत नसे.

त्या वर्षी मारोतीचे नऊ गुण झाले होते आणि माझे सहा. नागपंचमीची लढत ही त्या सालची शेवटची. माझ्या गटात दुसरा कुणी नव्हता, सत्तावनचा वामन काविळीने पडला होता. माझ्यासाठी कुणी उरलंच नाही. मारोतीला विचारायचं माझ्या तोंडून निघेना. त्याचं नाव ठरल्यातच जमा होतं, त्याने कशाला उगीच दोरात यावं? पण तो आपणहून आला. आम्ही बाजारात एकाच गाडीवर काम करायचो. पाठीवरचा गठ्ठा टाकून तो म्हणाला, "मी देतो तुले लढत. तीन फेऱ्या उभा राह्यला तं एक गुण भेटन. यंदा माहं नाव जाईन, पुढच्या साली तुहं. तोवर माहेही गठ्ठे तूच उचलजो."

मी हो म्हणालो. पुढचं साल माझ्या कामाचं नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही. परतवाड्याच्या स्थळाचंही नाही. सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही. पण मारोतीचा स्वभाव पाहता ठाऊक नाही असं म्हणणंही तितकंसं खरं नाही.

लढत दुपारी तीनच्या सुमाराला सुरू झाली. पुरुषमाणसं दोराभोवती, बायका गोदामाच्या गच्चीवर. पंचफुला आईजवळ हिरवं लुगडं नेसून बसली होती. मी एकदाच वर पाहिलं.

पहिल्या फेरीत मी मारोतीच्या अंगाजवळही जाऊ शकलो नाही. त्याचा डावा हात लांब. मी आत घुसायला गेलो की तो हात कपाळावर येऊन बसायचा, जोरात नाही, पण दार लावून घेतल्यासारखा. दुसऱ्या फेरीत माझं नाक फुटलं. मागून कुणी तरी ओरडलं, की मारोती, सरकीचं पोतं हाय ते, झटकून पाह. आवार हसलं. वस्तादांनी माझ्या नाकात कापूस घातला आणि विचारलं, थांबवू का? मी नाही म्हणून मान हलवली. थांबवलं असतं तर तो एक गुणही गेला असता. पण एका गुणाने काय होणार होतं? सहा आणि एक सात. मला दहा पाहिजे होते. दोन गट वरच्याला हरवायचं, चार गुण, म्हणजे दहा. हे गणित मी रात्रंदिवस केलं होतं आणि त्याचं उत्तर दरवेळी हेच येत होतं की मारोतीला हरवणं माझ्याने व्हायचं नाही.

तिसरी फेरी संपत आली. मी त्याच्या गळ्यात पडलो, म्हणजे दमलेला माणूस पडतो तसा. आम्ही सुटलो. मारोतीचा डावा हात खाली गेला. मी उजवा मारला. तो त्याच्या डाव्या डोळ्यावर लागला आणि मारोती खाली बसला. आधी गुडघे, मग हात. वस्तादांनी दहा आकडे मोजले. तो उठला नाही.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. साडेत्रेपन्न किलोच्या पोराने साठाचा गडी पाडला, असं अकोटने पाहिलं नव्हतं. माझं नाव अकोल्याला गेलं. दिवाळीला आठ दिवस असताना मी शिपाई झालो आणि मार्गशीर्षात माझं आणि पंचफुलाचं लग्न लागलं.

ही गोष्ट आमच्या घरात एकेचाळीस वर्षं सांगितली गेली, ती इथपर्यंतच. मी कमी सांगितली. फुलाने जास्त. बाळापूरच्या क्वार्टरमध्ये शेजारणींना, पुढे सुनांना, मग नातवांना. "तुमच्या आजोबानं दोन गट वरच्याले लोळवलं होतं," असं म्हणून ती सुरू करायची. मी पेपर वाचत बसायचो. मारोती आला की मात्र ती ही गोष्ट काढत नसे. पोरांनी काढली तर म्हणायची, काकाले आधी चहा घेऊ द्या. मला वाटायचं, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

राहिलेलं आता सांगतो.

वस्तादांच्या कायद्यात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. ती आम्हा अकरा जणांतच होती. लढत देणारा वरचा माणूस शेवटच्या अर्ध्या मिनिटात, गळ्यात पडल्यावर, हळूच म्हणायचा, "घे." म्हणजे आता मी हात सोडतो, तू चार टोले दाखवून घे. लोकांसमोर खालच्याची लाज राहावी म्हणून. मग तो हात खाली करायचा आणि खालच्याने टिपायचं, नुसतं लावल्यासारखं. जोर करायचा नाही. लोकांना वाटे वरचा दमला. त्यांना कळू द्यायचं नाही, हीच त्यातली गंमत. मी स्वतः एकावन्नच्या एका पोराला दोनदा 'घे' म्हणालो होतो. त्याने मला पिसासारखं टिपलं होतं.

मारोती माझ्या कानात म्हणाला, "घे, शेष्या."

मी ठरवून मारलं नाही, हात आपोआप गेला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. ज्याने बॉक्सिंग केलं आहे त्याला माहीत असतं, उजव्या हाताचा खरा टोला पायातून येतो. मी 'घे' ऐकलं, मागचा पाय रोवला, कंबर वळवली आणि मग मारलं. पाय रोवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मारोती माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या तोंडावर थोडं हसू होतं. आमचे ग्लोव्हज जुने, त्यांचा अंगठा सुटा असायचा. तो त्याच्या डोळ्यात गेला. तेही मला हाताला कळलं.

लोकांनी उचलण्याआधी वस्ताद माझ्याजवळ आले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "त्यानं हात सोडला होता का?"

मारोती हात-गुडघे टेकून बसला होता. कुणी तरी त्याच्या डोळ्यावर ओला पंचा धरला होता. त्याला ऐकू जात होतं.

"नाही, वस्ताद," मी म्हणालो.

वस्ताद त्याच्याकडे वळले. त्यालाही तेच विचारलं. मारोतीने पंचा काढला नाही. तो म्हणाला, "शेष्या सांगते तसंच."

वस्तादांनी माझं मनगट सोडलं. जाऊन वहीत चार लिहिले. त्यानंतर ते माझ्याशी कधी वाईट बोलले नाहीत आणि कधी बोललेही नाहीत. अकोल्याची चिठ्ठी त्यांनी दुसऱ्याच्या हाती माझ्याकडे दिली.

पुढच्या साली मारोतीचं नाव गेलं. डोळ्यांच्या तपासणीत तो परत आला. डाव्या डोळ्याने त्याला धुकं दिसायचं, मग चार-पाच वर्षांत तेही दिसेनासं झालं. तो गठ्ठे उचलत राहिला, पुढे कापसाच्या एका जिनिंग कारखान्यावर चौकीदार झाला. मी सुट्टीत गावी आलो की तो भेटायला यायचा. कधी एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून मीही बोललो नाही. दोघांचं गप्प राहणं एकच आहे असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी फुला आजारी पडली. पोटातली गाठ होती. अकोल्याच्या दवाखान्यात सत्तावीस दिवस काढले. एका दुपारी मी तिच्या पायाला तेल चोळत होतो. ती छताकडे पाहत होती. पाहता पाहता म्हणाली, "तुम्हाले मले काही सांगायचं हाय का?"

मी हात थांबवला. काय सांगायचं, म्हणालो.

"काहीबी. जुनं-पानं. आता मी काय करणार हाय ऐकून."

मला वाटलं सांगावं. शब्द अगदी दाताशी आले. पण तिचे पाय माझ्या हातात होते, इतके हलके झालेले, आणि मी म्हणालो, "काही नाही. गोळी घ्यायची राह्यली तुही." तिने गोळी घेतली. पाणी प्यायली. त्यानंतर ती अकरा दिवस होती. पुन्हा तिने विचारलं नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं झोपली होती. मारोती आला आणि अंगणातल्या खाटेवर माझ्याशेजारी बसला. तो नेहमी माझ्या डाव्या अंगाला बसतो, मी त्याला चांगल्या डोळ्याने दिसावा म्हणून. बराच वेळ आम्ही इकडचं-तिकडचं बोललो. पाऊस, कापसावरची बोंडअळी, कुणाचा पोरगा पुण्याला गेला. मग तो थांबला आणि म्हणाला, एक सांगू का? ती होती तोवर सांगता येत नव्हतं, तिने मना केलं होतं.

मी म्हणालो, सांग.

"तुमच्या लग्नाले साल-दीड साल झालं असन. मी तेव्हा दवाखान्यातून आल्तो, डोळ्याले पट्टी होती. वैनी माहेरी आल्ती, तवा माह्या घरी आली. भाकरी घेऊन आल्ती. बसली अन् मले विचारलं, भाऊ, तुम्ही त्या दिवशी हात सोडला होता का?"

तिला कसं कळलं, मी विचारलं.

"गच्चीवरून दिसलं म्हणे. भाऊ, तुम्ही हसून राह्यले होते, म्हणे. मार खाणारा माणूस हासत नाही."

"तू काय सांगितलं?"

"काय सांगणार बे? संसार होता तुमचा. म्हणलं नाही, वैनी. त्यानं मले पाडलं, पोट्ट्यात दम होता." मारोती पायाखालच्या मातीवर बोट ओढत होता. "थे माह्या पट्टीकडं पाहत बसली. मंग म्हणे, आमच्या ह्यायले सांगू नका मी आल्ती म्हणून. उठली अन् गेली. भाकरी लय होत्या. दोन दिवस पुरल्या."

मी हिशोब लावत बसलो. लग्नाला दीड साल. म्हणजे बाळापूरची क्वार्टर, थोरला पोटात होता. शेजारणींना ती गोष्ट सांगायची ते त्यानंतरचं. सुनांना सांगितली ती त्यानंतरची. नातवांना सांगितली तीही. दरवेळी मी तिथेच असायचो, पेपर घेऊन. चाळीस वर्षं ती माझ्यासमोर ती गोष्ट मांडत होती आणि मी एकदाही पेपर खाली ठेवला नाही.

"तिनं तुले विचारलं," मी म्हणालो. "मले नाही विचारलं."

दवाखान्यातली ती दुपार त्याला माहीत नव्हती, मी सांगितलीही नाही.

खाटेच्या दोरीला धरून मी बसलो होतो. मग एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून बाहेर आलं.

"तू हात सोडला होता, मारोती. तू 'घे' म्हणाला होता. मी पाय रोवून मारलं."

तो वळला. चांगल्या डोळ्याने त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. रागावला नव्हता. चुकलेल्या लहान पोराला घर दाखवावं तसा म्हणाला, "मले कायले सांगतं, शेषराव? मी तं तिथंच होतो. तिले सांगायचं होतं."